स्नोडेन मॉस्कोत आहे, म्हणून रशियाचे पारडे जड होते का?

मांजराकाठ (अंबाजोगाई), धागाकर्ता

मुकुंदराजांच्या समाधीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी रोज संध्याकाळी फिरायला जातो. मागच्या आठवड्यात तेथे एका विषयावरून इतके कडाक्याचे वाजले, की परतताना दोघांनी घराचा रस्ताच वेगळा धरला. विषय होता एडवर्ड स्नोडेन, म्हणजे अमेरिकेच्या ‘एनएसए’ या टेहळणी करणाऱ्या गुप्तचर संस्थेचे गुप्त कागद फोडणारा तिचाच कंत्राटी कर्मचारी. एकाचे म्हणणे असे, की जगाला मानवी हक्कांचे धडे देणाऱ्या अमेरिकेचा खरे बोलणारा माणूस रशियाच्या आसऱ्याला राहतो, यावरूनच कोण किती पाण्यात आहे ते कळते. दुसऱ्याचे म्हणणे, की ज्या देशात विरोधक तुरुंगात मरतात त्या देशाचे अन्न खाणाऱ्याने हक्कांविषयी तोंड उघडू नये. मी बत्तीस वर्षे राज्यशास्त्र शिकवले, तरी त्या वेळी मला नीट उत्तर सुचले नाही. घरी येऊन तारखा जुळवल्या तेव्हा जे दिसले, ते येथे मांडतो.

स्नोडेनने हाँगकाँगमध्ये बसून पत्रकारांच्या हाती कागद दिले आणि ५ जून २०१३ रोजी पहिली बातमी आली. व्हेरायझन या अमेरिकी फोन कंपनीने आपल्या ग्राहकांपैकी कोणी कोणाला, केव्हा आणि किती वेळ फोन केला याची नोंद रोजच्या रोज सरकारला द्यावी, असा एका गुप्त न्यायालयाचा आदेश त्या बातमीतून उघड झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणांचे प्रमुख जेम्स क्लॅपर यांना सिनेटच्या समितीपुढे थेट विचारण्यात आले होते, की तुम्ही कोट्यवधी अमेरिकी नागरिकांची माहिती गोळा करता का. आणि त्यांनी ‘नाही’ असे सांगितले होते. २३ जूनला स्नोडेन मॉस्कोत उतरला. पासपोर्ट रद्द झालेला असल्यामुळे पुढे जाता येईना, म्हणून १ ऑगस्टपर्यंत तो शेरेमेत्येवो विमानतळाच्या ट्रान्झिट भागातच अडकून पडला. त्याने अनेक देशांकडे आश्रय मागितला होता, त्यात भारतही होता, आणि आपण नकार दिला होता हे आपल्यापैकी बरेच जण विसरले आहेत.

आता त्याच जुलैचे पान जरा जवळून पाहा. ११ जुलैला मॉस्कोच्या न्यायालयाने सर्गेई मॅग्निट्स्की याला करचुकवेगिरीबद्दल दोषी ठरवले. हा मॅग्निट्स्की २००९ च्या नोव्हेंबरमध्येच कोठडीत वारला होता. वय अवघे ३७. तो कर सल्लागार होता आणि सुमारे २३ कोटी डॉलरचा करपरतावा सरकारी अधिकाऱ्यांच्या संगनमताने लाटला गेला, असे त्याने साक्षीत सांगितले होते. पुढे अटक त्यालाच झाली. मरून साडेतीन वर्षे झालेल्या माणसावर खटला चालवून त्याला गुन्हेगार ठरवण्याचे हे काम ज्या शहरात ११ तारखेला झाले, त्याच शहराच्या विमानतळावर १२ तारखेला स्नोडेनने मानवी हक्क संघटनांच्या प्रतिनिधींना बोलावले आणि बलाढ्यांकडून होणाऱ्या हक्कभंगाविरुद्ध प्रथम उभे राहिल्याबद्दल रशियासह पाच देशांचे आभार मानले. १८ जुलैला किरोवच्या न्यायालयाने विरोधी नेते अलेक्सेई नवाल्नी यांना पाच वर्षांची शिक्षा सुनावली.

एवढ्यावर थांबलो तर आमचे दुसरे मित्र खूश होतील, पण अमेरिकेचेही त्याच उन्हाळ्याचे पान आहे. जुलैच्या अखेरीस अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलने रशियाच्या न्यायमंत्र्यांना पत्र लिहून कळवले, की स्नोडेनला परत पाठवले तर त्याला फाशी दिली जाणार नाही आणि त्याचा छळ केला जाणार नाही. आपल्याच नागरिकाचा आपण छळ करणार नाही, हे एका लोकशाही देशाला दुसऱ्या सरकारला लेखी द्यावे लागते यातच सगळे आले. इराक युद्धाचे कागद बाहेर आणणाऱ्या मॅनिंगला २१ ऑगस्टला ३५ वर्षांची शिक्षा झाली. खटल्याआधी तिला ज्या एकांतकोठडीत ठेवले होते, ती वागणूक क्रूर आणि अमानुष असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या छळविषयक विशेष प्रतिनिधीने नोंदवले होते. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी २०१७ मध्ये शिक्षा कमी केली, तेव्हा कोठे सुटका झाली.

माझे म्हणणे असे, की आश्रय देणे हा परराष्ट्र धोरणातला व्यवहार असतो आणि त्याकडे कोणाच्या चारित्र्याचा दाखला म्हणून पाहण्यात अर्थ नाही. सरकारांची तुलना अवश्य करावी, पण ती करण्याचे काम त्या सरकारांवर सोपवू नये. अमेरिकेचे परराष्ट्र खाते १९७७ पासून दरवर्षी जगातल्या देशांच्या मानवी हक्कांचा अहवाल काढते. त्यात स्वतः अमेरिका नसते. चीन २००० पासून दरवर्षी त्याला उत्तर म्हणून अमेरिकेच्या हक्कभंगाचा अहवाल काढतो. त्यात चीन नसतो. गंमत अशी, की दोन्ही अहवालांतला पुष्कळसा मजकूर खरा असतो. ‘आपला तो बाब्या’ ही म्हण सरकारी खर्चाने छापून निघते, इतकेच.

तुलना करायची तर मी दोन खुणा धरीन. आपल्याच सरकारविरुद्ध आतला माणूस खरे बोलला तर त्याचे काय होते, ही एक. आणि तो जे बोलला ते पुढे सरकारी दप्तरात कधी मान्य होते का, ही दुसरी. मंडळींना काय वाटते?

काळा कोट (छत्रपती संभाजीनगर)

सर, मांडणी पटली. दुसऱ्या खुणेविषयी थोडा कायदेशीर तपशील जोडतो, कारण तेथे अमेरिकेचे चित्र दुहेरी आहे.

स्नोडेनवर ज्या हेरगिरीविरोधी कायद्याखाली आरोप ठेवले आहेत तो १९१७ चा, म्हणजे पहिल्या महायुद्धातला आहे. या कायद्याखाली ‘मी लोकहितासाठी केले’ हा बचाव चालत नाही. कागद का फोडले, हे आरोपीला ज्युरीपुढे सांगताच येत नाही. व्हिएतनाम युद्धाचे गुप्त कागद १९७१ मध्ये वृत्तपत्रांना देणारे डॅनियल एल्सबर्ग सुटले, असे उदाहरण नेहमी दिले जाते. मात्र १९७३ मध्ये त्यांचा खटला निकाली निघाला तो सरकारी माणसांनी त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञाचे कार्यालय फोडल्याचे उघड झाले म्हणून. खरे सांगण्याचा हक्क न्यायालयाने तेव्हाही मान्य केलेला नव्हता.

दुसऱ्या बाजूला, फोनच्या नोंदी सरसकट गोळा करण्याला कायद्याचा आधार नाही, असा निकाल अमेरिकेच्या अपील न्यायालयाने मे २०१५ मध्ये दिला. जूनमध्ये संसदेने कायदा बदलून तो प्रकार बंद केला. सप्टेंबर २०२० मध्ये आणखी एका अपील न्यायालयाने तोच कार्यक्रम बेकायदेशीर ठरवला. म्हणजे घरात चोरी झाली हे न्यायालयाने मान्य केले, चोरी दाखवणाऱ्यावरचे आरोपपत्र तसेच राहिले, आणि सिनेटपुढे ‘नाही’ म्हणणाऱ्यावर खटला भरला गेला नाही. सीआयएच्या छळाबाबतही तसेच. कैद्यांना पाण्यात गुदमरवण्याच्या प्रकाराविषयी उघडपणे बोललेले जॉन किरियाकू २०१३ मध्ये एका गुप्त अधिकाऱ्याचे नाव पत्रकाराला सांगितल्याबद्दल अडीच वर्षांसाठी तुरुंगात गेले, आणि २०१४ च्या डिसेंबरमध्ये सिनेटच्याच समितीने त्या छळाचा अहवाल प्रसिद्ध केला. हे दोन्ही एकाच देशात घडते, म्हणून त्याला एका ओळीत गुण देता येत नाहीत.

एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार चीनने १९९८ मध्ये सही करून ठेवला आहे, पण आजवर अनुसमर्थन (करार बंधनकारक करणारी अंतिम मान्यता) दिलेले नाही. आर्थिक आणि सामाजिक हक्कांच्या कराराचे अमेरिकेने नेमके तेच केले. सही १९७७ ची, अनुसमर्थन नाही. ज्याला जो कागद अडचणीचा, तो त्याने फडताळात ठेवला. सोव्हिएत संघाने १९७३ मध्येच दोन्ही करारांना अनुसमर्थन दिले होते, त्यावरून नुसत्या कागदाची किंमतही समजते. आणि छळविरोधी करार? त्याला चीन, रशिया आणि अमेरिका या तिघांचेही अनुसमर्थन आहे. भारताने १९९७ मध्ये सही केली आणि अनुसमर्थन अजून बाकी आहे. कोठडीतील मृत्यूच्या प्रकरणात खंडपीठापुढे उभे राहताना आम्हाला अटक आणि कोठडीचे नियम घालून देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालाचाच आधार घ्यावा लागतो, कारण छळाविरुद्धचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही.

रेणापूरकर (मूळ लातूर, सध्या पुणे)

वकीलसाहेब, आपले निकाल वाचले; पण ते कोणासाठी आहेत? अमेरिकेच्या राज्यघटनेतला झडतीविरुद्धचा हक्क बाहेरच्या देशात बसलेल्या परक्या माणसाला लागू नाही. बेकायदेशीर ठरला तो अमेरिकी नागरिकांच्या फोनचा कार्यक्रम. स्नोडेनच्या कागदांतच एक नकाशा होता. त्यानुसार मार्च २०१३ या एका महिन्यात एनएसएने जगभरातून ९७ अब्ज नोंदी उचलल्या आणि त्यांपैकी ६३० कोटी भारतातल्या होत्या. इराण, पाकिस्तान, जॉर्डन आणि इजिप्त यांच्यानंतर आपला पाचवा क्रमांक होता. माझ्या रेणापूरच्या घरातल्या फोनला अमेरिकेच्या कोणत्या न्यायालयाने संरक्षण दिले? ओबामांनी जानेवारी २०१४ मध्ये परदेशी लोकांसाठी काही मर्यादा घालणारा आदेश काढला, हे मला ठाऊक आहे. पण तो राष्ट्राध्यक्षांचा आदेश होता, हक्क नव्हे.

मी डेटा साठवणाऱ्या यंत्रणांवर काम करतो, म्हणून हे मला जास्त बोचते. फोनवर काय बोलले गेले ते ऐकण्याची गरजच नसते. रोज रात्री साडेनऊला एका नंबरवरून दुसऱ्या नंबरला वीस मिनिटे फोन जातो, मग तो अचानक बंद होतो, आणि चार दिवसांनी पहिला नंबर एका वकिलाला व एका दवाखान्याला लागतो. एवढ्या तीन ओळींत त्या घरात काय झाले असेल ते कोणीही सांगू शकेल.

सर, आपल्या दोन खुणांत तिसरी घाला. एखादे सरकार आपल्या माणसांशी कसे वागते आणि परक्यांशी कसे वागते, हे दोन वेगळे हिशेब आहेत. देशांतर्गत हिशेबात अमेरिका रशिया-चीनच्या पुष्कळ पुढे असेल. परक्यांच्या हिशेबात ग्वांतानामोचा अमेरिकी लष्करी तुरुंग आहे, जेथे २००२ पासून सुमारे ७८० माणसे नेली गेली आणि त्यांतल्या बहुतेकांवर कधी आरोपपत्रच दाखल झाले नाही. एका गोष्टीत मात्र मी स्नोडेनची बाजू घेईन. रशियाने २०१६ मध्ये फोन कंपन्यांना सर्व संभाषणे सहा महिन्यांपर्यंत साठवायला लावणारा कायदा केला, तेव्हा त्याने रशियात बसून त्यावर उघड टीका केली होती. यजमानाच्या घरात बसून हे बोलणे सोपे नाही.

गोदातीर (नांदेड)

मी डॉक्टर आहे, त्यामुळे मला हा विषय चीनच्या तीन डॉक्टरांकडून समजला.

हेनान प्रांतात १९९० च्या दशकात गरीब शेतकरी पैशासाठी रक्तद्रव (प्लाझ्मा) विकत असत. पद्धत अशी होती, की अनेकांचे रक्त एकत्र करायचे, त्यातला रक्तद्रव काढून घ्यायचा आणि उरलेल्या तांबड्या पेशी त्याच लोकांना पुन्हा टोचायच्या, म्हणजे अशक्तपणा येणार नाही आणि माणूस लवकर परत विकायला येईल. त्या एकत्र केलेल्या पेशींतून एकाचा एचआयव्ही सगळ्यांच्या अंगात गेला. गावेच्या गावे आजारी पडली. स्त्रीरोगतज्ज्ञ गाओ याओजिए यांनी १९९६ मध्ये रुग्णालयात रक्त चढवल्यामुळे बाधित झालेली रुग्ण पाहिली आणि मग निवृत्तीच्या वयात गावोगाव फिरून स्वतःच्या पैशाने पत्रके वाटली. त्यांना घरात नजरकैदेत ठेवले गेले. २००९ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये वारल्या.

२००३ मध्ये सार्सची साथ आटोक्यात आहे असे चीनचे आरोग्यमंत्री सांगत असताना बीजिंगच्या लष्करी रुग्णालयातले निवृत्त शल्यचिकित्सक जियांग यानयोंग यांनी पत्र लिहून खरे आकडे बाहेर काढले. त्याच महिन्यात मंत्र्याला जावे लागले. २००४ मध्ये जियांग यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण त्याच वर्षी त्यांनी तिआनानमेनच्या हत्याकांडाचे पुनर्मूल्यमापन करा असे पत्र लिहिल्यामुळे ते काही आठवडे कोठडीतही राहून आले. तिसरे वुहानचे नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग. ३० डिसेंबर २०१९ रोजी त्यांनी सहकाऱ्यांना सावध करणारा संदेश पाठवला, ३ जानेवारीला पोलिसांनी त्यांच्याकडून ‘खरी नसलेली विधाने केली’ अशा कागदावर सही घेतली आणि ७ फेब्रुवारीला ते कोविडने वारले. मार्चमध्ये सरकारने ती समज मागे घेतली. रुग्ण गेल्यावर आलेला हा रिपोर्ट.

आता सगळ्यांचे पत्ते जुळवून पाहा. चीनच्या गाओ अमेरिकेत, अमेरिकेचा स्नोडेन रशियात, आणि रशियाच्या खेळाडूंची सरकारी उत्तेजक-योजना उघड करणारे प्रयोगशाळाप्रमुख ग्रिगोरी रोडचेंकोव्ह पुन्हा अमेरिकेत, साक्षीदार म्हणून लपून. प्रत्येक राजधानी शेजाऱ्याच्या जागल्याला पाट-पाणी देते. मांजराकाठ सर म्हणतात तो ‘व्यवहार’ यापेक्षा स्पष्ट कसा दिसेल?

बालाघाट (बीड)

येथे सर्वांनी बोलण्याच्या हक्कालाच मानवी हक्क धरले आहे. चीनने चाळीस वर्षांत सुमारे ८० कोटी लोकांना दारिद्र्याबाहेर काढले, हे जागतिक बँक सांगते. आमच्या तालुक्यातून दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघतात. त्या कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याला, स्नोडेन कोण हे विचारून पाहा. पोट भरल्यावरच्या गप्पांवरून सरकारांना गुण देणे मला मान्य नाही.

मांजराकाठ (अंबाजोगाई)

बालाघाट, तुमचा मुद्दा टाळण्यासारखा नाही आणि चीनचे ते यश मीही नाकारत नाही. पण पोट आणि तोंड इतके वेगळे करता येतात का, हे आपल्याच भागात तपासून पाहू.

१९७२ चा दुष्काळ मी शाळकरी वयात पाहिला आहे. आमच्या शेताजवळच्या पाझर तलावाच्या कामावर आई खडी फोडायला जाई. घरी मिलोची लाल भाकरी आणि शाळेत सुकडी. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. हाल झाले, जनावरे गेली, पण गावेच्या गावे भुकेने मेली नाहीत. वृत्तपत्रे रोज ओरडत होती, विधानसभेत विरोधक सरकारला फाडून खात होते आणि कामावर मजुरी थकली की मोर्चा निघत होता. त्यातूनच रोजगार हमीचा १९७७ चा कायदा झाला. अमर्त्य सेन यांनी चीनच्या १९५८ ते ६१ च्या दुष्काळाशी भारताची तुलना केली ती याच मुद्द्यावर. चीनमध्ये तेव्हा कोट्यवधी माणसे मेली, कारण खालचे अधिकारी धान्याचे फुगवलेले आकडे वर पाठवत होते आणि ते खोटे आहेत असे सांगणारे वृत्तपत्र नव्हते. सांगणारा एक माणूस होता. संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी जुलै १९५९ मध्ये माओंना खासगी पत्र लिहिले. त्यांना पदावरून काढून टाकण्यात आले आणि त्यानंतरही दुष्काळ दोन वर्षे चालला. ऊसतोड कामगाराला स्नोडेन ठाऊक नसेल, पण मुकादमाने उचल (आगाऊ दिलेली रक्कम) किती लिहिली हे खरे सांगणारा माणूस त्यालाही हवाच असतो.

रेणापूरकर, तुमची तिसरी खूण मी मान्य करतो. ती घातली की माझ्या मूळ मांडणीतले अमेरिकेचे पारडे बरेच खाली येते, हेही मान्य.

मस्टरवाला (परभणी)

‘जागल्या’ हा शब्द गोदातीर ताईंनी वापरला, म्हणून लिहितो. पूर्वी गावात जागल्या रात्री गस्त घाली. ‘व्हिसलब्लोअर’ या इंग्रजी शब्दाला मराठीत हाच शब्द रूढ झाला. फक्त जुन्या जागल्याला जागे राहण्याबद्दल बलुते मिळे, नव्याला काय मिळते ते ऐका.

मी लेखापरीक्षणात होतो. मराठवाड्यातल्या एका तालुक्यात रोजगार हमीची मस्टर (मजुरांची हजेरीपत्रके) तपासताना एका पानावर सतरा अंगठे दिसले. अंगठ्याचा ठसा जवळून पाहिला तर त्यावर एखादी चीर, एखादा व्रण दिसतो. खडी फोडणाऱ्या माणसाच्या अंगठ्यावर तर हमखास. या सतराही ठशांवर डावीकडून उजवीकडे जाणारी एकच चीर होती. हजेरीत दोन माणसे अशी होती, की त्यांच्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमध्ये आधीच झालेली. मी लेखापरीक्षण अहवालात त्यावर आक्षेपाचा परिच्छेद लिहिला. वरिष्ठांनी बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, “अहो, शेजारच्या तालुक्यात याच्या दुप्पट आहे, तिथे कोणी परिच्छेद लिहीत नाही.” चौदा महिन्यांत माझ्या तीन बदल्या झाल्या.

हा धागा वाचताना तेच वाक्य पुन्हा पुन्हा कानावर येते. मॉस्को वॉशिंग्टनकडे बोट दाखवते, बीजिंगही दाखवते, आणि वॉशिंग्टन दोघांकडे. दुप्पट असेलही, म्हणून माझ्या पानावरचे सतरा अंगठे वेगवेगळ्या माणसांचे होत नाहीत.

आपल्या देशाचे पानही येथे हवे. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार अभियंता सत्येंद्र दुबे यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. नाव गुप्त राहिले नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा खून झाला. त्यानंतर जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा व्हायला २०१४ उजाडले, आणि झालेला कायदा अंमलात आणण्याची अधिसूचनाच निघाली नाही. पुण्याजवळ तळेगावात जमीन व्यवहारांची माहिती मागणारे सतीश शेट्टी यांचा २०१० च्या जानेवारीत खून झाला. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला, असे होऊ नये म्हणून लिहिले.

नळदुर्ग (धाराशिव)

मस्टरवाल्यांचे ते ‘शेजारच्या तालुक्यात दुप्पट’ आपल्या इतिहासातही आहे. मराठवाड्याने दोन प्रतिस्पर्धी सरकारांचे हिशेब आपल्या अंगावर सोसले आहेत.

१९४८ मध्ये निजाम सरकारने भारताविरुद्ध तक्रार थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नेली, आणि भारत सरकारने रझाकारांच्या अत्याचारांची श्वेतपत्रिका काढली. त्या वेळी निजामाच्या राजधानीत खरे बोलणारा एक संपादक होता, शोएबुल्ला खान. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकातून तो रझाकारांविरुद्ध आणि विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत असे. २२ ऑगस्ट १९४८ च्या रात्री त्याला रस्त्यात गाठून मारले आणि लिहिणारा हात तोडला. चार आठवड्यांच्या आत निजामाचे राज्य संपले. दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंड्याखाली उभे राहताना मला त्याची आठवण होते.

पोलीस कारवाईनंतर काय झाले, ते पाहण्यासाठी नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती पाठवली. उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांची झळ सर्वांत मोठी, असे त्यांनी लिहिले आणि सूडाच्या हिंसेत मेलेल्या माणसांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. त्या आकड्यावर इतिहासकारांत वाद आहे. मात्र अहवाल अनेक दशके प्रसिद्धच झाला नाही, याविषयी वाद नाही. सरकारने रझाकारांचे पान छापले आणि आपले पान ठेवून दिले. आजही आमच्याकडे सभेत एक वक्ता फक्त सप्टेंबरच्या आधीचे सांगतो, दुसरा फक्त नंतरचे, आणि दोघांचेही ऐकणारे लोक वेगवेगळे असतात. माझी आजी दोन्ही सांगायची. रझाकारांच्या भीतीने ती बार्शीकडे भारताच्या हद्दीतल्या छावणीत पळाली होती, आणि परत आल्यावर शेजारचे पिंजाऱ्याचे घर मोकळे दिसले, दाराला कडी तेवढी लावलेली. तिने दोन गोष्टींची बेरीज-वजाबाकी कधी केली नाही.

काळा कोट (छत्रपती संभाजीनगर)

नळदुर्ग, हे येथे आणल्याबद्दल आभार. मूळ विषयाकडे येताना एक महिना फक्त नोंदवतो, सरांच्या जुलैसारखाच. १६ सप्टेंबर २०२२ रोजी रशिया युरोपीय मानवी हक्क करारातून बाहेर पडला, म्हणजे रशियन नागरिकाला नव्या हक्कभंगाविरुद्ध स्ट्रासबर्गच्या न्यायालयात जाण्याची वाट बंद झाली. २१ सप्टेंबरला युक्रेन युद्धासाठी सैन्यभरतीचा आदेश निघाला. २६ सप्टेंबरला पुतिन यांनी स्नोडेनला नागरिकत्व दिले. ज्या मेमोरियल संस्थेने स्टालिनच्या बळींची नावे गोळा केली, ती रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याआधीच, डिसेंबर २०२१ मध्ये, बरखास्त केली होती.

बालाघाट (बीड)

सर, १९७२ चे उत्तर मिळाले, अर्धे पटले. कोयत्याच्या उचलीचा मुद्दा मात्र माझ्याच घरातला आहे, त्यामुळे त्यावर गप्प बसतो.

रेणापूरकर (मूळ लातूर, सध्या पुणे)

मस्टरवाला काका, त्या सतरा अंगठ्यांचे पुढे काय झाले? सरांची दुसरी खूण तेथे लावून पाहायची आहे.

मस्टरवाला (परभणी)

बाळा, परिच्छेद अकरा वर्षे खुला राहिला. मग प्रलंबित परिच्छेद निकाली काढण्याचे शिबिर लागले. मी तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात होतो. एका जुन्या सहकाऱ्याने फोनवर शेरा वाचून दाखवला. ‘मूळ मस्टर कार्यालयात उपलब्ध नसल्याने वसुलीची शक्यता नाही, सबब परिच्छेद वगळण्यात येत आहे.’ त्या पानाची झेरॉक्स माझ्या कपाटात आहे, पण ती प्रमाणित प्रत नाही.

मांजराकाठ (अंबाजोगाई)

मस्टरवाला, ती झेरॉक्स जपून ठेवा. शाई उडते, तेव्हा मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. आज संध्याकाळी फिरायला जाताना हा धागा छापून नेतो आहे. ते दोघे येणार आहेत, मात्र अजून वेगवेगळ्या रस्त्यांनी.